सहाव्या पेटीतला माल

पाच बाजूंची पेटी ही फोरमनच्या लेखी पेटीच नव्हती. ते अर्धवट टाकलेलं काम होतं. अडतीस वर्षं त्याने खोक्यांच्या कारखान्यात काढली, त्यातली एकोणीस पॅकिंग खात्याचा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन सात वर्षं उलटली तरी घरात, जिन्यात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे त्याला फोरमनच म्हणत. पाण्याच्या पंपापासून पियानोपर्यंत वाट्टेल ते त्याने फळ्यांत घालून, खिळे ठोकून जगाच्या पाठीवर कुठेकुठे धाडलं होतं. त्यामुळे नातीने त्याच्या नाकापुढे धरलेलं चित्र पाहून त्याला काढणाऱ्याची कीवच आली.

चित्र मासिकातलं होतं. कुणा लहान मुलाच्या खोलीतली भिंत, आणि भिंतीवर सहा चौकोनी लाकडी पेट्या. आत रंगीत कागद चिकटवलेला, कुठे पुस्तक, कुठे बाहुली, कुठे नुसताच एक शिंपला.

"समोरची फळी कुठाय?" फोरमनने विचारलं.

"समोरून उघडीच असते, आजोबा. शोभेची आहे ती."

"मग माल बाहेर नाही का पडणार?"

"भिंतीवरून कुठे जाणार माल?" नात म्हणाली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबलेली फारशी कुणी पाहिली नव्हती. "सहा हव्यात मला. आणि आतला कागद निळ्या माशांचा."

फोरमनने मान डोलावली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा कारखान्याचा शिरस्ता होता.

आता यात एक मेख होती, आणि ती भिंगरीला ठाऊक नव्हती. जी खोली सजवायची होती ती फोरमनची होती. म्हणजे फोरमनची आणि भिंगरीची, दोघांची मिळून. एका भिंतीला त्याची खाट, समोरच्या भिंतीला तिची. आदल्याच आठवड्यात मुलाने जेवताना विषय काढला होता. पोरगी आठ वर्षांची झाली, तिला तिची स्वतःची खोली हवी, तेव्हा बाबा, तुम्ही थोडे दिवस धाकट्याकडे जाऊन राहिलात तर. हे बोलताना मुलगा ताटातल्या एका रिकाम्या जागेकडे इतक्या लक्षपूर्वक पाहत होता की तिथे काही लिहिलेलं असावं. सूनबाई पाणी आणायला उठली आणि बराच वेळ पाणीच आणत राहिली. धाकटा राहायचा रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र लांब. थोडे दिवस म्हणजे किती, हे मुलाने सांगितलं नाही आणि फोरमनने विचारलं नाही.

त्याने एवढंच विचारलं, "माल कधी तयार हवाय?"

"पुढच्याच्या पुढच्या रविवारपर्यंत खोली झाली तर बरं."

"होईल," फोरमन म्हणाला. वाईट त्याला फार वाटलं. पण अडतीस वर्षांत त्याने एकदाही तारीख चुकवली नव्हती, आणि आता स्वतःच्या बाबतीत चुकवायची हे काही त्याच्या मनाला पटेना.

गॅलरीत दुकान मांडलं गेलं. करवत, रंधा, गुण्या, हातोडी, लाकडाचा गोंद आणि हलक्या पिवळ्या लाकडाच्या फळ्या. प्रत्येक पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच खोल. कोपरे पंचेचाळीस अंशात कापून असे जुळवले की नख शिरायचं नाही. पॉलिश पेपरने घासून घासून कडा गालासारख्या मऊ केल्या. निळ्या माशांचा कागद आतून चिकटवताना त्याने मुद्दाम पाहिलं की कुठल्याही माशाचं डोकं कोपऱ्यात कापलं जाऊ नये. पहिली पेटी तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी होती की फोरमनने ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली, खाली ठेवली, आणि सवयीने तिला सहावी फळी ठोकायला घेतली.

इथे त्याचा हात थांबला. हा हात अडतीस वर्षं रोज पाच बाजू झाल्या की सहावीकडे वळत आला होता, त्याला आता मध्येच काय सांगायचं. शिवाय दुसरी अडचण अशी की पेटी रिकामी होती, आणि रिकामी पेटी कारखान्याबाहेर जात नाही. रिकामी पेटी वाटेत दबते, फुटते आणि खात्याचं नाव घालवते. नवीन आलेल्या प्रत्येकाला फोरमनने पहिल्या दिवशी सांगितलेलं हे पहिलं वाक्य होतं. तेव्हा तो उठला, घरात गेला आणि पेटीत बसेल असं काहीतरी शोधू लागला.

त्या आठवड्यात घरातल्या वस्तू एकेक करून गायब झाल्या. आधी सूनबाईचं काचेचं मोठं वाडगं गेलं. मग टीव्हीचा रिमोट, वजनाच्या काट्याचं पारडं, मुलाचा डावा बूट. सूनबाईने आकाशपाताळ एक केलं, पलंगाखाली केरसुणी घालून पाहिली, भिंगरीला धारेवर धरलं. फोरमन गॅलरीत खाली मान घालून लाकडाचा कीस पेटीत दाबून भरत होता. त्याने काही लपवलं असं म्हणता येणार नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही.

शनिवारी रात्री, दाराला कुलूप लागल्यावर, पाच पेट्या भरून झाल्या. सहावीसाठी घरात काही सापडेना. बसेल ते सगळं भरून झालं होतं आणि उरलेलं बसण्यासारखं नव्हतं. तेव्हा फोरमनने खाटेखालची स्वतःची पिशवी ओढली. दाढीचं सामान, चष्म्याचं घर, दोन सदरे, गोळ्यांची डबी, बायकोचा फोटो, गजराचं घड्याळ. सगळं नीट बसलं, वर कीस भरायला जागाही उरली. इतक्या वर्षांचा पसारा फूटभर पेटीत मावला याचं त्याला नवल वाटलं. मग त्याने शिस्तीत मालाची यादी केली, यादी आत घातली आणि बाहेरून धाकट्याचा पत्ता लिहिला. भिंतीवर लावायची पेटी आणि रवाना करायची पेटी यांतला फरक त्याच्या हाताला कुणी शिकवलाच नव्हता.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत सहा पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. सहाही बाजूंनी बंद. प्रत्येकीवर पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगात छापलेलं होतं, 'वर ही बाजू', 'नाजूक', 'आपटू नये'.

भिंगरीने एका पेटीवर टिचकी मारली. कान लावून ऐकलं.

"आजोबा, मासे कुठेत?"

"आत आहेत. सुरक्षित आहेत."

"पण मी ह्यात ठेवू काय?"

"ठेवलेलं आहे," फोरमन म्हणाला.

सूनबाईने कपाळाला हात लावला. गेल्या आठवड्यातलं सगळं तिच्या एकदम ध्यानात आलं. एवढ्यात मुलगा दारापाशी खिसे चाचपताना दिसला. त्याला दूध आणायला जायचं होतं, दाराला रात्रीचं कुलूप तसंच होतं, आणि त्याची किल्ली जागेवर नव्हती. सूनबाईची तिच्या पर्समध्ये नव्हती.

"बाबा," मुलगा सावकाश म्हणाला, "किल्ल्या कुठल्या पेटीत आहेत?"

"दोन्ही एकाच पेटीत. एका जातीचा माल फोडायचा नसतो."

"कुठल्या एकाच पेटीत?"

"ते यादीत आहे."

"यादी कुठाय?"

"यादी पेटीतच असते," फोरमन म्हणाला, आणि मुलाला एवढंही माहीत नसावं याचं त्याला वाईट वाटलं.

"म्हणजे यादी वाचायला पेटी उघडायची. आणि उघडली की आत काय आहे ते दिसणारच. मग यादी कशाला?"

"जुळवून बघायला."

मुलगा स्वयंपाकघरातून पेचकस घेऊन आला आणि पहिल्या पेटीच्या फटीत घालून जोर लावला. पेचकस वाकला. फट जिथल्या तिथे राहिली. फोरमनच्या खिळ्यांची टोकं आतून वळवलेली होती आणि एकच फळी अशी होती की ती उचलली तर बाकीच्या सुटतात. ती फळी कुठली, हे फोरमनच्या कानावर ठेवलेल्या पेन्सिलीइतकंच त्याच्या मालकीचं होतं.

"तुम्ही उघडा ना, बाबा," सूनबाई म्हणाली.

"मी कसा उघडणार? कारखान्याने खिळा मारला की पेटी कारखान्याची राहत नाही. ज्याचा माल त्याने पोच सही करायची, मग त्याला फळी दाखवायची. माल भिंगरीचा आहे."

"मी करते सही," भिंगरी म्हणाली. ती कधीपासून एका पायावर तयार होती.

"पण तपासणी व्हायची आहे अजून," फोरमन म्हणाला. "दहा वाजता आपट्या येतोय."

आपट्या हा कारखान्याचा जुना तपासनीस. नोकरीभर त्याचं काम एकच, तयार पेटी कमरेइतक्या उंचीवरून तीनदा जमिनीवर टाकायची आणि फुटली नाही तर तिच्यावर 'पास' असा शिक्का मारायचा. ज्या पेटीवर 'आपटू नये' लिहिलंय ती आधी आपटून बघितलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्याने नोकरीभर पाळलं होतं. तो बरोबर दहाला आला. गळ्यात शिक्क्याची पिशवी, अंगात इस्त्रीचा जुना गणवेश. दाराला कुलूप आहे म्हटल्यावर तो जिना उतरून खाली अंगणात गेला आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीकडे मान वर करून उभा राहिला.

"अरे फोरमन, नियम कमरेचा आहे."

"दार बंद आहे आपट्या. काय करायचं ते तू सांग."

आपट्याने विचार केला. "माझी कंबर इथे आहे आणि पेटी तिथे आहे. यात माझा दोष नाही. सोड वरून."

मुलगा पुढे झाला. गेल्या तासाभरात त्याला पहिल्यांदाच आशा वाटत होती. एक तरी पेटी फुटेल, किल्ल्या बाहेर पडतील, आपट्या त्या वर फेकेल. तो स्वतः कठड्याशी उभा राहून एकेक पेटी सोडू लागला. पहिली दाणकन फरशीवर पडली, आणि एक कोलांटी खाऊन 'वर ही बाजू' वर करून बसली. आपट्याने वाकून चारी बाजूंनी पाहिलं आणि शिक्का मारला. दुसरी पडली, तिसरी पडली. मुलगा आता पेट्या कोपऱ्यावर पडाव्यात म्हणून तिरक्या धरून सोडत होता. चौथीला तर त्याने चक्क ढकललं. फोरमन शेजारी उभा होता आणि त्याची छाती अभिमानाने भरून आली होती. सूनबाई दर वेळी डोळे मिटून घेत होती, कारण यातल्या कुठल्यातरी पेटीत तिचं काचेचं वाडगं होतं. समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत जमली होती. सहावी पडली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"तिसऱ्या पेटीला एक ओरखडा," आपट्या खालून म्हणाला. "बाकी सहाच्या सहा पास."

मुलगा कठड्याला टेकून खाली बसला. "एकही फुटली नाही," तो म्हणाला.

"फुटायला काय झालं?" फोरमन म्हणाला.

वाळत घालायच्या दोरीने पेट्या एकेक करून वर ओढल्या गेल्या. मग फोरमनने पोचवही उघडली, भिंगरीने पहिल्या पाच पेट्यांपुढे सह्या केल्या, आणि त्याने तिच्या कानात ती फळी कुठली ते सांगितलं. पक्कड तिच्याच हातात दिली. आठ वर्षांच्या पोरीने दोन झटक्यांत जी फळी काढली तिच्याकडे मुलगा बघतच राहिला. पहिल्या पेटीतून काचेचं वाडगं निघालं. त्याला तडा नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. सूनबाईने ते पोटाशी धरलं आणि म्हणाली, "कमाल आहे तुमची, बाबा." हे ती रागाने म्हणाली की कौतुकाने, ते तिलाही कळलं नसावं. चौथ्या पेटीत किल्ल्या होत्या, दोन्ही, लाकडाच्या किसात गुंडाळून, वाजू नयेत म्हणून वेगवेगळ्या बांधलेल्या. समोरच्या फळ्या निघाल्या तसे आतले निळे मासे दिसू लागले, आणि मासिकातल्या चित्रापेक्षाही ते बरे दिसत होते.

मुलगा किल्ली घेऊन दार उघडायला गेला. मागून भिंगरीने घाईघाईने सहावी पेटीही उघडली. सही न करताच. पाच वेळा उघडून तिला कुठली फळी ते पाठ झालं होतं.

वरच यादी होती. ती तिने मोठ्याने वाचली, कारण शाळेत मोठ्याने वाचायला सांगत.

"दाढीचं सामान, नग एक. चष्म्याचं घर, नग एक. सदरे, नग दोन. गोळ्या, डबी एक. आजीचा फोटो, नाजूक, नग एक. घड्याळ, नग एक." ती थांबली. मग खालची ओळ वाचली. "आजोबा, जुने, नग एक, सुटे पाठवणे."

दाराशी किल्ली फिरायची थांबली.

"हा तर काकाचा पत्ता आहे," भिंगरी म्हणाली. "आजोबा, तू कुठे चाललायस?"

फोरमनने पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा ठेवली. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, हाही एक शिरस्ता होता. "काकाकडे. तुला खोली मोकळी हवी ना."

"मी पेट्या मागितल्या होत्या," भिंगरी म्हणाली. "खोली कुणी मागितली?"

तिने आपल्या बाबाकडे पाहिलं. बाबाने दाराकडे पाहिलं.

"थोडे दिवस गं," तो म्हणाला.

"किती?"

मुलाने भिंगरीच्या आईकडे पाहिलं, आणि तिने वाडग्याकडे. फोरमनला मुलाची दया आली. लहानपणीसुद्धा खोटं बोलताना तो असाच दुसरीकडे बघायचा.

"मी ह्याची सही करणार नाही," भिंगरी म्हणाली आणि पोचवही मिटली. "सही नाही केली तर काय होतं?"

"पोच नाही मिळाली तर माल हलत नाही," फोरमन म्हणाला. नियम नियम होता, तो काय करणार. "पडून राहतो जागेवर. पण हा माल तुझा नाही, काकाचा आहे. काका सही करेल."

भिंगरीने यावर क्षणभर विचार केला. मग ती दप्तराकडे पळाली, वहीचा जाड पुठ्ठा फाडून आणला आणि कात्री घेऊन जमिनीवर बसली. जीभ बाहेर काढून ती बराच वेळ कापत होती. खाली अंगणात आपट्या तसाच उभा होता, कारण त्याला जा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"पाठ फिरव," भिंगरी म्हणाली.

फोरमनने पाठ फिरवली. तिने पुठ्ठा त्याच्या सदऱ्यावर दाबून धरला आणि काळ्या रंगाचा बोळा त्यावरून फिरवला. रंग कापडातून गार लागला. पुठ्ठा निघाला तेव्हा सूनबाईच्या तोंडून नुसतंच "अगं बाई" एवढं निघालं.

"काय लिहिलंय?" फोरमनने विचारलं.

"पाठवू नये," सूनबाई म्हणाली.

"असा साचा नसतो," फोरमन म्हणाला. "एकोणीस वर्षांत नव्हता. पाठवायचं नसेल तर पॅक कशाला करतील? आणि ठ च्या पोटातला तुकडा गळला असेल, तिथे पट्टी ठेवावी लागते."

"गळला," भिंगरी म्हणाली. "ठ काळा आलाय. पण वाचता येतं."

"अरे फोरमन," खालून आपट्या ओरडला. त्याला वरचं सगळं ऐकू येत होतं. "छाप नीट बसलीय का?"

"बसलीय काका," सूनबाई गॅलरीत जाऊन म्हणाली.

"मग संपलं. मालावर छापलंय ते पाळायचं. त्याच्यावर ना फोरमनचं चालत ना मालकाचं." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्यालाही टाकून बघायचं असेल तर मी आहे."

फोरमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ओला रंग पुसला जाऊ नये म्हणून वळायचं नव्हतं, आणि वळायचं नव्हतं ते एक प्रकारे बरंच झालं. असला रंग वाळायला अर्धा तास लागतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो दीड तास उभा राहिला.

त्याच्या मागे मुलगा खोलीत गेला. ड्रिलचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. भिंगरी एकेक पेटी नेऊन देत होती. पाच लागल्या. मग तिने सहावी उचलली, फोरमनचं सामान असलेली, तशीच भरलेली. "ही आजोबाच्या खाटेच्या वर," तिचा आवाज आला. खाट हलवल्याचा आवाज येतो का, हे फोरमन कान देऊन ऐकत होता. तो आला नाही.

वाळला असेल असं धरून तो शेवटी वळला आणि खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. पाच पेट्या एका भिंतीवर, सहावी समोरच्या, त्याच्या उशाशी. तिच्यात बायकोचा फोटो मांडलेला होता आणि घड्याळ चालू होतं. मुलगा स्टुलावर उभा होता, केसांत भिंतीचा भुगा, आणि बापाकडे न पाहता स्क्रू पिळत होता.

"डावीकडून दोन सूत खाली आहे," फोरमन म्हणाला.

मुलाने मागे सरून पाहिलं. खरंच खाली होती.

"असू दे, बाबा," तो म्हणाला. "उद्या करा तुम्ही नीट."